तिच्या वाटणीच्या सऱ्या

आयुष्यात मला पहिल्यांदा शून्य मार्क पडले, ते मैत्रिणीला मदत केली म्हणून. या गोष्टीला आता काही वर्षं झाली, मी नोकरीलाही लागले, तरी तो वर्ग आठवला की माझी कानशिलं अजून तापतात. रागानं की शरमेनं, हे मला नीट सांगता येत नाही. धक्का मात्र तसाच्या तसा ताजा आहे.

आमचं गाव चकलांब्याच्या बाजूचं. आई-बाप दर वर्षी दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. चौथीपर्यंत मीही त्यांच्यामागं उसाच्या फडावर होते, पाचवीपासून वसतिगृहात. बारावीला मार्क चांगले पडले आणि जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते. तोंडानं फटकळ तर होतेच. पहिल्याच आठवड्यात सगळं शिकवणं इंग्रजीतून सुरू झालं आणि माझी वाचा बसली, पण मी ते कुणाला कळू दिलं नाही. सर "समजलं का?" म्हणाले की सगळ्यात आधी मान मी हलवायचे.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी होतो. एक नारायणगडाच्या अलीकडच्या वाडीतली. तिचेही आई-बाप ऊसतोडीला जाणारे. ती इतकी कमी बोलायची की पहिला महिनाभर मला वाटलं, हिला माझा राग आलाय. तिला मी इथं मैत्रीण म्हणेन, कारण पुढं ती तशी झाली. दुसरी सरपंचबाईंची लेक. सही आईची आणि कारभार वडिलांचा, असं ते घर. शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, गाडीतून सामान घेऊन आलेली, आणि पहिल्याच दिवशी आम्हाला विचारणारी, "तुम्ही दोघी एकाच गावच्या का? सारख्याच बोलता." मी तिच्याशी आठ दिवस धड बोलले नाही.

मैत्रिणीचं शिक्षण कशावर टांगलेलं होतं, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. तिच्यासाठी स्थळ येऊन बसलं होतं. मुलगा ऊसतोडीतलाच, कामाला वाघ. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला घ्यायला कुरकुरतो. त्यामुळं मुलाकडच्यांना मे महिन्यात लग्न उरकून हवं होतं, म्हणजे पुढच्या हंगामाला जोडी तयार. तिच्या वडिलांनी त्यांना कसंबसं थांबवून धरलं होतं. तिला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पास हुतीस तवर शिक. एक जरी इषय राह्यला तर मंग मला पाव्हण्यांना न्हाई म्हणता यायचं न्हाई." ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापाशी नाही म्हणायला तेवढं एकच कारण होतं.

दुसऱ्या सत्रात मेकॅनिक्स शिकवायला एक तरुण सर आले. त्यांनी पहिल्याच तासाला वर्गाचे तिघातिघांचे गट पाडले. आम्ही एका बाकावर बसायचो म्हणून एका गटात आलो. मग त्यांनी नियम सांगितला. दर महिन्याला तोंडी परीक्षा. गटातल्या तिघांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्यानं फळ्यावर जायचं, आणि त्याला जितके मार्क पडतील तितकेच तिघांना. बाकी दोघांनी उत्तर सांगायचं नाही. हवं तर प्रश्न विचारायचा. शेवटच्या परीक्षेला बसायला मिळणार की नाही, हे याच मार्कांवर ठरणार होतं.

माझे मार्क दुसऱ्याच्या हातात, हे मला सहनच होईना. मी उभी राहून विचारलं, "सर, ज्याला येतंय त्यानं कावून नुकसान सोसायचं?" वर्ग माझ्या 'कावून'ला हसला. सर हसले नाहीत. "ज्याला येतं त्यानं बाकी दोघांना येईल असं बघायचं," म्हणाले आणि फळ्याकडं वळले.

फेब्रुवारीत मैत्रिणीच्या घरून फोन आला. तिची आई ट्रकमध्ये ऊस भरताना पडली होती. ट्रकला जाड फळी तिरपी लावतात आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढतात. तिचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. मैत्रीण त्याच दुपारच्या एसटीनं गेली, ती पंधरा दिवस आली नाही.

फडावर एक रीत आहे. टोळीत कुणाला ताप आला, कुणाची बाई बाळंत झाली, तर बाकीचे त्याच्या वाटणीच्या सऱ्या, म्हणजे उसाच्या ओळी, तोडतात. मुकादमाला पत्ता लागू द्यायचा नाही, म्हणजे खाडा पडत नाही. यावर कुणी बोलत नाही, आभार तर कुणी मानतच नाही. माझ्या आईनं शेजारच्या खोपीतल्या बाईच्या सऱ्या आठवडाभर तोडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी त्या बाईनं आमच्या. मी याच रीतीत वाढले. त्यामुळं आता काय करायचं, याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

मी मैत्रिणीची जर्नल लिहिली, तिच्या अक्षरात लिहिली. तिच्या ड्रॉइंगच्या शीट काढल्या. घरी करायला दिलेली सगळी गणितं तिच्या वहीत उतरवली. सरपंचबाईंची लेक आधी बिचकली. "हे चालतं का?" म्हणाली. "आमच्यात चालतं," मी सांगितलं. तिला ती रीत इतकी आवडली की तिनं हजेरीचं काम अंगावर घेतलं. नाव पुकारलं की ती तोंड खाली घालून बारीक आवाजात "प्रेझेंट सर" म्हणायची. पंधरा दिवसांत एकही गैरहजेरी पडू दिली नाही आम्ही. मला माझा केवढा अभिमान वाटत होता.

मैत्रीण परत आली तेव्हा तिच्या कॉटवर आम्ही वह्यांची चवड रचून ठेवली होती. तिनं पानं चाळली, परत होती तशी ठेवली आणि म्हणाली, "लई केलंत." एवढंच. मला वाटलं, बिचारी भारावली.

चारच दिवसांनी तोंडी परीक्षा होती आणि चिठ्ठी तिची निघाली. तिरप्या फळीवर एक ठोकळा ठेवलाय, त्याच्यावर कुठकुठले जोर काम करतात ते बाण काढून दाखवायचे, आणि मग गणित. ती फळ्यापाशी गेली. फळी काढली, ठोकळा काढला आणि थांबली. खडू हातात तसाच. मला राहवेना. मी बाकावरून बोलून गेले, "वजन खाली, घर्षण वर." सर म्हणाले, "तुम्ही बसा." मग त्यांनी तिची वही उघडली. "हे गणित तुमच्या वहीत अगदी बरोबर सोडवलंय. तेच मांडा, घाबरू नका."

ती सरांकडं वळली. तिचा आवाज मी वर्गात पहिल्यांदाच ऐकत होते. "सर, ही वही माझी न्हाई. मी दवाखान्यात व्हते. ह्या दोघींनी लिवली. हजेरीबी त्यांनीच लावली."

मी हादरले. फडावर असं कुणी कधी केलं नव्हतं. दुसऱ्यानं तुमच्या सऱ्या तोडल्या हे तुम्ही मुकादमासमोर जाऊन सांगता, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. सर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी यादीत आमच्या तीन नावांपुढं तीन शून्यं काढली आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी पुन्हा घेईन. चिठ्ठी टाकूनच. तेव्हाही असंच झालं तर तिघींनाही परीक्षेला बसता येणार नाही."

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी मी तिला गाठलं आणि तोंड सोडलं. "तुझ्यासाठी बोटं झिजवली आमी. अन् तू आमालाच उघडं पाडलंस? लाज न्हाई वाटली?"

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "फडात तू माझ्या सऱ्या तोडल्यास तर ऊस कारखान्याला जातो. काम मिटतं. हितं तू माझ्या वहीत लिवलंस, पर मला काय आलं? मी फळ्यापशी उभी राह्यले अन् मला वाचताबी येईना माझीच वही. मी मेमधी लगीन करून फडात गेले, तर तितं बी येशील का माझं तोडायला?"

मी त्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि दुपारचा तासही बुडवला. इतका जीव लावून आपण कुणाचं तरी वाटोळं करत होतो, हे पचायला मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाईंच्या लेकीनं तोडगा काढला. ज्याला येत नाही त्यानंच फळ्यावर जायचं, बाकीच्यांनी नुसतं विचारायचं. सरांचाच नियम, पण घरचा. हॉस्टेलच्या मागं बांधकाम अर्धवट पडलं होतं. तिथल्या गिलावा केलेल्या भिंतीवर आम्ही रोज कॉलेज सुटल्यावर खडूनं लिहायला लागलो. पहिल्या दिवशी मात्र नियम मोडून मास्तरकी मीच घेतली. फळी, ठोकळा, बाण. वजनाचा बाण सरळ खाली. फळी ठोकळ्याला ढकलते तो बाण फळीला काटकोनात. मी भराभरा लिहीत होते.

मैत्रिणीनं विचारलं, "हा बाण सरळ वर कावून न्हाई? तिरपा कावून?"

"तसाच असतो."

"पर कावून?"

"अगं, फॉर्म्युल्यात तसंच हाय."

तिनं खडू माझ्यापुढं धरला. आणि मला कळलं की मला माहीत नाही. बारावीपासून मी हा बाण तिरपा काढत होते, मार्क घेत होते, आणि तो तिरपा का असतो हे मला माहीतच नव्हतं. पायाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मी चिडून सरपंचबाईंच्या लेकीकडं बघितलं, की आता हिनं तरी सांगावं. तिनं खाली मान घातली. "मलाही कधीच कळलं नाही," म्हणाली. "तू मान हलवायचीस, म्हणून मी हलवायचे. मला वाटायचं, आख्ख्या वर्गात मीच एक ढ आहे."

मला हसावं की रडावं कळेना. मी जिच्याकडं बघून इंग्रजी शाळेवाल्यांचा हेवा करत होते, ती माझ्या मानेकडं बघून दिवस काढत होती.

मग आम्ही सुरुवातीपासून सुरू झालो. इंग्रजी पुस्तकातलं वाक्य सरपंचबाईंची लेक वाचायची, अर्थ लावायची. मी आकडेमोड बघायचे. आणि मैत्रीण 'कावून' विचारायची. तिच्या त्या एका शब्दानं माझी रोज फजिती व्हायची. एकदा ती म्हणाली, "नुसतं भिंतीवर काय कळतंय? फळी लावून बगू." बांधकामाची एक फळी पडलेलीच होती. एका पोत्यात वाळू भरली, पोतं फळीच्या टोकाला ठेवलं आणि त्या टोकाखाली एकेक वीट सारत फळी उचलत गेलो. सहाव्या विटेला पोतं घसरलं. मी म्हणाले, अर्धी वाळू काढा, हलकं पोतं वर टिकेल. अर्धी काढली. पोतं सहाव्या विटेलाच घसरलं. पुन्हा भरलं, पुन्हा सहावी वीट. सरपंचबाईंच्या लेकीनं मग फळीवर बादलीभर पाणी ओतलं. ओल्या फळीवर भरलेलं पोतं चौथ्या विटेला गेलं आणि अर्धं पोतंही चौथ्याच.

मैत्रीण फळीपाशी खाली बसली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिला चक्कर आली.

"आईच्या डोक्यावरची मोळी लई हलकी व्हती," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "दादांनी मुद्दाम हलकी बांधली व्हती, तिची कंबर दुखत व्हती म्हणून. तवापसनं सगळी टोळी म्हणती, एवढ्या हलक्या वझ्याला पडली म्हंजी हिचंच ध्यान नव्हतं. आईबी तसंच म्हणती. दवाखान्यात रोज मला म्हणायची, माजंच चुकलं, माज्यामुळं हंगाम गेला."

तिनं ओल्या फळीवरून हात फिरवला. "वझ्याचा संबंधच न्हाई," ती म्हणाली. "फळी लई उभी लावली व्हती, अन् दव पडल्यालं व्हतं, आईनंच सांगितलं व्हतं. तिच्या जागी कुणीबी पडलं असतं."

तिनं तिथूनच आईला फोन लावला. आम्हाला आईचा आवाज येत नव्हता, हिचा येत होता. "न्हाई, तुजी चूक न्हवती. अगं सगळे म्हणू देत. सगळ्यांनी बगितलंय का? मी बगितलंय, आत्ता, पाच येळा." फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले, खडू घेतला आणि भिंतीवर सगळे बाण एका दमात काढले. एकही चुकला नाही. तिरपा बाण तिरपा का, तेही तिनंच आम्हाला सांगितलं: फळीला जिकडं ढकलता येतं तिकडंच ती ढकलणार, आणि तिला काटकोनाशिवाय दुसरीकडं ढकलताच येत नाही. ती पोरगी त्या दिवसापासून वेगळी दिसायला लागली. वर्गात सर काही म्हणाले की तिचा हात वर जायचा, आणि वर्ग तिच्या 'कावून'लाही हसायचा, पण ती थांबायची नाही.

तीन आठवड्यांनी सरांनी चिठ्ठी काढली. मला खात्री होती की पुन्हा तिचीच निघणार, आणि खरं सांगायचं तर तशी माझी इच्छाही होती, कारण आता तिला आमच्या दोघींपेक्षा जास्त येत होतं. चिठ्ठी माझी निघाली.

मला पडतील तेच मार्क तिला पडणार होते. मी चुकले तर मे महिन्यात तिचं लग्न होतं. फळ्यापर्यंत कशी गेले मला आठवत नाही. सरांनी गणित दिलं. तीच फळी, तोच ठोकळा, फक्त या वेळी ठोकळा दोरीनं वर ओढायचा होता. मी सवयीनं घर्षणाचा बाण वरच्या बाजूला काढला आणि आकडेमोड सुरू केली. उत्तर विचित्र यायला लागलं. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर म्हणाले, "कुठंतरी चुकतंय." मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मी शाळेपासून आजवर कधी न बोललेलं वाक्य माझ्या ओठांशी आलं होतं. ते गिळून टाकायची मला इतकी सवय होती. पण मान हलवायला या वेळी कुणाचाच प्रश्न समोर नव्हता.

"सर, मला हे येत नाही," मी म्हणाले.

कुणीतरी फिदकन हसलं. मैत्रीण बाकावरून उठली. "सर, मी इचारू का?" सरांनी मान डोलावली. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ठोकळा कुनीकडं निघालाय?"

"वर," मी म्हणाले.

"मंग फळी त्याला कुनीकडं आडवंल?"

मी फळ्याकडं बघितलं. वर जाणाऱ्याला ती मागं ओढणार, खालच्या बाजूला. मी बाण पुसला आणि उलटा काढला. बाकीचं गणित मी एकटीनं केलं, कुणी काही विचारलं नाही. सरांनी ते दोनदा तपासलं आणि तिघींच्या नावांपुढं दहापैकी आठ लिहिले. दोन मार्क का कापले ते मी विचारलं नाही. मी बाकावर येऊन बसले तेव्हा सरपंचबाईंची लेक रडत होती.

मे महिन्यात निकाल लागला. आम्ही तिघी कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर मोबाईल घेऊन बसलो होतो. मैत्रीण सगळ्या विषयांत पास होती. तिनं वडिलांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ती बोलायच्या आधीच ते म्हणाले, "पाव्हणे घरी येऊन बसल्यात. काय झालं सांग."

"पास झाले, दादा. सगळ्यात."

"तो फळीचा इषय?"

"त्यात बी."

"पर त्याचं तर तू म्हणलीस, दुसऱ्या खेपेला तुला फळ्यावर बोलावलंच न्हाई. तुजी मैत्रीण गेली व्हती." त्यांच्या आवाजात शंका होती. "मंग तुला येतंय, का तिच्यामुळं पास झालीस?"

मी फोन हिसकावून घेणार होते. दोन महिन्यांपूर्वी घेतलाही असता, आणि तिच्या वतीनं चार वाक्यं ठणकावली असती. मी हात मांडीखाली दाबून बसले.

"तिला मी शिकवलंय, दादा," ती म्हणाली.

पलीकडं कुणीतरी खोकलं, बहुतेक पाहुण्यांपैकी. मग वडील हळू आवाजात म्हणाले, "बरं. मंग ह्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरीचं शिक्षण अजून तीन वर्षं हाय."

मला वाटलं, फोन कट झाला. मैत्रिणीनं मोबाईल कानाला लावला आणि तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"सांगतो."